गुळीचं रान

आई, परवा मोशीला गेले होते. नात्यातलं एक डोहाळजेवण होतं. बसमधून उतरले तर मला रस्ता कळेना. आपलं नदीकडचं रान जिथं होतं तिथं आता सात मजली इमारती आहेत. त्यांना फाटक आहे आणि फाटकावर वॉचमन आहे. त्यानं विचारलं, "कुणाकडं जायचंय आजी?" माझ्याच बापाच्या, तात्यांच्या रानाच्या बांधावर मला कुणी असं विचारील, हे कधी मनात आलं नव्हतं. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. भिंत आणि डांबर यांच्या फटीत एक गुडघाभर झुडूप उभं होतं. काडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बारीक पानं, टोकाला एक एकटं पान, पानाची पाठ जराशी निळसर, आणि पानांच्या बगलेत गुलाबी फुलांचे इवले तुरे. मी खाली वाकले तेव्हा माझे गुडघे कडकड वाजले. "औषधी हाय का ती?" वॉचमननं विचारलं. मी म्हटलं, "नाही बाबा, ओळखीची आहे." एक डहाळी रुमालात बांधून आणली. घरी येऊन बघते तर पानं सुकून काळीनिळी पडलेली. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं आहे, आणि बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं जमतं. मॅट्रिक केलंस ना मला, त्याचा तेवढा तरी उपयोग.

तुला आठवत असेल, त्या रानाची माती आधी वीटभट्टीला गेली होती. पिंपरीपासून भोसरीपर्यंत कंपन्यांच्या इमारती उठत होत्या आणि सगळ्यांना विटा हव्या होत्या. तात्यांचा हिशोब वेगळाच होता. आपलं रान उंचावर, तिथं नदीचं पाणी चढत नव्हतं. वरची माती भट्टीवाल्यानं उचलून नेली की रान आपोआप खाली येईल आणि पाणी सरळ आत येईल, असं त्यांचं म्हणणं. रान खाली आलं, पाणीही आलं, पण पिकाला धरायला माती उरली नाही. पांढरा मुरूम उघडा पडला. पहिल्या साली बाजरी वीतभर वाढली आणि तिथंच म्हातारी झाली. पुढं माझं लग्न झालं आणि यजमान पिंपरीच्या कंपनीत लागले, तेव्हा तू त्यांना म्हणाली होतीस, "जावईबापू, भित्तीला टेकून बसताना जपा, आमचं रान हाय त्यात." ते बिचारे कसनुसं हसले होते. त्यांना वाटलं, सासूबाई टोमणा मारतायत.

मग तात्या चाकणच्या बाजारातून बी घेऊन आले तो दिवस. मी शाळेतून येऊन ओट्यावर बसलेय, तू चुलीपाशी, आणि तात्या पंच्याच्या गाठीतून बी सुपात ओततायत. बारीक, तपकिरी, चौकोनी कापल्यासारखं बी. बाजारात सोलापूरकडचा एक बियाणंवाला बसला होता. मेलेलं रान कशानं जगेल, असं तात्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, गुळी पेरा. फुलावर आली की तशीच नांगरून गाडा, दोन सालांत माती काळी होईल. तात्यांना वाटलं, शेवरीच्या जातीचं काहीतरी असेल. तू सुपातलं बी हातावर घेतलंस आणि म्हणालीस, "गुळी म्हनं! नाव घेतलं तरी त्वांड गोड व्हतंय." गूळ तो गूळ आणि गुळी म्हणजे त्याचीच कुणीतरी लेक, असं तू तिथंच ठरवून टाकलंस. आपल्या भागात त्या झाडाला दुसरंच नाव आहे आणि ते नाव बियाणंवाल्यानं घेतलं नव्हतं, हे कुणाला ठाऊक!

बी दगडासारखं टणक असतं, तसंच पेरलं तर वर्षभर मातीत पडून राहतं, असंही त्यानं सांगितलं होतं. म्हणून तू ते वाळू घालून पाट्यावर हलक्या हातानं चोळलंस आणि कोमट पाण्यात भिजत घातलंस. सकाळी ते टपोरं फुगलं होतं. तू त्याला हळदकुंकू वाहिलंस. तात्या म्हणाले, "बारशाला आल्यागत करतीस की." तू म्हणालीस, "मग? गोड नावाची पोर हाय. तुमच्या भट्टीवाल्यागत उपटसुंभ न्हाई." आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून, विठ्ठलाचं नाव घेत, तूच पहिली मूठ फेकलीस. मी मागून चालत होते. ओल्या मुरमात तुझी पावलं उमटत होती, अजून दिसतात.

गुळी सुरुवातीला फार हळू वाढली. तण तिच्या डोक्यावरून जायचं. मग अचानक तिनं अंग धरलं आणि श्रावणात कंबरेला लागली. शाळेत आम्हाला शेंगवर्गी झाडांच्या मुळांवरच्या गाठींचा धडा होता, म्हणून मी एक झाड उपटून आणलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. तू बघून दचकलीस. "बये, कीड लागली की गं!" मी ऐटीत सांगितलं की कीड नाही, या गाठी हवेतून खत ओढून घेतात. तू तात्यांकडे बघितलंस. ते पायरीवर तंबाखू मळत होते. "हवेतनं व्हय? मग तुझ्या बापाला कशा न्हाई आल्या गाठी? दिसभर हवाच खातोय." तात्या इतके हसले की तंबाखू सांडली. त्या हसण्यात पुढच्या संकटाची काही चाहूल नव्हती. आपण तिघं सुखात होतो, आई. एवढंच मला त्या दिवसाबद्दल म्हणायचं आहे.

मग ती डोणीची गोष्ट. म्हैस गुळीचा पाला खाईना, तोंड फिरवायची. भिजवून मऊ केला तर खाईल म्हणून तू शेंडे खुडून दगडी डोणीत पाण्यात घातलेस, आणि भाद्रपदातल्या पावसाच्या गडबडीत ते तसेच राहिले. दशमीच्या दिवशी वास सुटला. तू बाह्या सारून कुजलेला पाला उपसायला लागलीस. पाणी पिवळट हिरवं होतं. तू काठीनं ढवळलंस तसा वर फेस आला, आणि तो फेस बघता बघता निळा झाला. निळा म्हणजे मोराच्या मानेसारखा. मी टाळ्या पिटल्या. तुझं लक्ष तुझ्या हातांकडे गेलं. कोपरापर्यंत हात आधी हिरवे दिसत होते, वारा लागला तसे निळे होत गेले. तू राख लावलीस, चिंच लावलीस, नारळाच्या शेंडीनं घासलंस. कातडीवरचा रंग थोडा फिका झाला, नखांतला जाईना. आणि बारशीचा नैवेद्य त्या खेपेला आपल्या घरचा होता.

गावात ती रीत होती. दर बारशीला देवळातल्या विठ्ठलाला एकेका घरचा नैवेद्य, आणि तो आपल्याच रानातल्या धान्याचा. ज्या घराचा मान असेल त्या घरची बाई आदल्या दिवसापासून सोवळ्यात. तुझ्या लेखी वर्षातले सण एका बाजूला आणि हा मान एका बाजूला होता. तू त्या संध्याकाळी हात अंगापासून लांब धरून तुळशीपाशी उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, "दिवा तू लाव." एवढंच. त्याआधी तू तो दिवा कधी दुसऱ्या कुणाला लावायला दिल्याचं मला आठवत नाही.

देवळातले बुवा आले. पोथी वाचायचे, गावात त्यांचा शब्द चालायचा, आणि माणूस वाईट नव्हता. त्यांनी डोणी बघितली, रान बघितलं, आणि कपाळाला हात लावला. "अगं, ही नीळ हाय! माळकऱ्याच्या रानात नीळ? शास्त्रात हाय, नीळ पेरली त्या रानाला बारा वर्षं विटाळ. तिथलं धान्य देवाला चालत न्हाई." तात्या म्हणाले, "बुवा, तुमच्या धोतराला दर आठवड्याला नीळ देतायसा, तिचा विटाळ न्हाई व्हय?" बुवांनी धोतराचा सोगा झटकला. "ती डबीतली. विलायती. तिला मूळ न्हाई, खोड न्हाई, तिचा कसला विटाळ!" तात्या आणखी काही बोलणार होते, तू त्यांना डोळ्यांनी गप्प केलंस. बुवांना फक्त एक विचारलंस, "मान काढून घेतायसा का?" बुवा जरा नरमले. म्हणाले, "मान तुझाच. पर धान्य बाहेरचं आन."

त्या दिवसापासून आपल्या घरात दोन मडकी झाली. एक माणसांचं, एक देवाचं. देवाच्या मडक्यात आळंदीच्या बाजारातली विकतची बाजरी, आणि तिच्यातला एक दाणाही तू आम्हाला दिला नाहीस. मी एकदा म्हटलं, "आई, तू कुठं मुद्दाम पेरलीस? नावानं फसलो आपण." तू म्हणालीस, "फसले की न्हाई त्ये त्याला ठावं. पर हळदकुंकू म्याच व्हायलं ना?" तुला बुवांचं भय नव्हतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. ज्याचं नाव घेऊन मूठ फेकली त्याच्यापाशी आपलं रान नापसंत झालं, ते तुला लागलं होतं. विकतचं धान्य घेऊन तू त्याच्यापुढं जायचीस ती पाहुण्यासारखी, अंग चोरून.

तात्यांनी गुळी फुलावर आल्यावर नांगरून गाडली. तुला वाटलं, चला, आता बारा वर्षं मोजायला लागू. पण पुढच्या आषाढात पाऊस पडला आणि रानभर गुळीच उगवली. चोळताना जे बी टणक राहिलं होतं ते वर्षभर मातीत निजून आता उठलं होतं. तू बुवांकडे गेलीस. ते म्हणाले, "उगवतीय तवर रानात नीळ हायच. ती संपंल तिथनं बारा वर्षं." मग तू कंबर कसलीस. दर पावसाळ्यात एकटी रानात जाऊन एकेक रोप उपटायचीस. तात्या बांधावरून ओरडायचे, "ऱ्हाऊ दे की, मातीला बरं हाय त्ये!" तू वरसुद्धा बघायची नाहीस. काही झाडं बाजरीत लपून मोठी व्हायची, शेंगा धरायची, वाळून तडकायची, आणि पुढल्या साली पुन्हा तेच. उपटलेली रोपं तू वाहून आणायची नाहीस, तिथंच टाकायचीस. विटाळाची वस्तू घराकडे कशाला? ती कुजून तिथंच जिरायची. तिसऱ्या साली मुरमाचा रंग बदलला. चौथ्या साली मूठ वळली तर ढेकूळ व्हायला लागलं. तात्यांनी ते ढेकूळ तुझ्यापुढं धरलं तेव्हा तू म्हणालीस, "माती आली, पर कामाची न्हाई."

मग बहात्तर साल आलं. पाऊस आला नाही. मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आले होते. चिंचवडच्या आमच्या खोलीत निदान नळ होता, मोशीत विहिरी तळाला गेल्या होत्या. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. त्याची भाकरी थापताना चिरफाळायची, तव्यावर तुकडे पडायचे, आणि खाल्ली तरी घशाखाली उतरायची नाही. बायका म्हणायच्या, "ह्ये अमेरिकेतल्या घोड्यांचं हाय." आळंदीच्या बाजारात बाजरी नव्हती. देवाचं मडकं पालथं पडलं. आजूबाजूची रानं तांबडी फट्टक, आणि आपल्या रानात मात्र उपटायची राहिलेली गुळी हिरवीगार उभी होती. तिचं मूळ खोल, तिला वरच्या पावसाचं फारसं अडत नव्हतं. तिच्या आडोशाला त्या काळ्या झालेल्या मातीत थोडी बाजरी हाताला आली. दोन पायल्या असेल नसेल. तेवढी तू माझ्यासाठी ठेवली होतीस, पोटुशी म्हणून. आणि त्यातच बारशीचा मान आपल्यावर आला.

दशमीच्या संध्याकाळी तात्या म्हणाले, "मिलो दे की देवाला. बाहेरचा हाय, बुवांचं बी समाधान." तू म्हणालीस, "आपल्याला गिळंना त्ये त्याच्या म्होरं ठिवू?" तात्या म्हणाले, "मग रानातली बाजरी दे." तू म्हणालीस, "विटाळाची?" तात्यांनी हात जोडले, "मग उपाशी ठिव बाई त्याला, गाव ऱ्हायलंय तसा त्यो बी ऱ्हाईल." एकादशीचा दिवसभर तू कुणाशी बोलली नाहीस. जात्यावर दोन्ही धान्यं वेगवेगळी दळून दोन ताटल्यांत ठेवलीस, एक लाल पीठ, एक करडं.

बारशीची सकाळ. तू न्हाऊन ओलेत्यानं चुलीपुढं बसलीस. मी बाजूला अवघडून बसलेय, फुंकणी हातात. धुरानं डोळ्यांना पाणी येतंय. तू काठवट पुढं ओढलीस. दोन्ही ताटल्यांकडे बघितलंस. मग लाल पीठ ओतलंस, आणि त्यावरच करडं पीठ ओतलंस, आणि दोन्ही हातांनी वरखाली करून एक केलंस. माझ्या हातातली फुंकणी तशीच राहिली. आता ते पीठ देवाचं होतं की माणसांचं, बाहेरचं की रानातलं, कुणी म्हणजे कुणी सांगू शकलं नसतं. भाकरी अखंड उतरली. पापुद्रासुद्धा धरला तिनं.

देवळात मी तुझ्याबरोबर आले. आपलं ताट बुवांच्या हातात देताना तू म्हणालीस, "ह्यात आमच्या रानाची बाजरी हाय." बुवा चपापले. मागं दोनचार माणसं उभी होती. ते हळूच म्हणाले, "अगं, मला कशाला सांगितलंस? बोलली नसतीस तर मला कुठं ठावं व्हणार व्हतं!" तू म्हणालीस, "तुमाला न्हाई सांगत, बुवा. त्याला सांगतेय. तुमी मधी हायसा म्हनून ऐकू आलं तुमाला." बुवा ताट धरून उभे. ताट परत आलं तर तू ते घेऊन घरी कशी चालत जाशील, याचाच विचार माझ्या मनात होता. बुवांनी एकदा मूर्तीकडे बघितलं, एकदा माझ्या पोटाकडे, आणि वळून ताट आत नेलं. घंटा वाजली. मग नेहमीप्रमाणे प्रसादाचा तुकडा मोडून पहिल्यांदा त्यांनी तोंडात टाकला, बराच वेळ चावला, आणि म्हणाले, "मिलो फार झालाय गं ह्यात." तू पदर तोंडाला लावलास. घरी येताना वाटेत म्हणालीस, "पुढल्या खेपंला बाजरी वाढवीन." त्यानंतर देवाचं मडकं वेगळं भरलं गेलं नाही आणि रोपं उपटायला तू रानात गेली नाहीस. गुळी उगवायची, फुलायची. तू तिथून जाताना तिला हात लावायचीस, नखं निळी होतील याची पर्वा न करता. तू गेलीस तेव्हा रान काळंभोर होतं. ते पुढं विकलं गेलं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तो भाऊबंदांचा व्यवहार होता, आणि तुला त्यात बोलायला आवडलं नसतं.

आता एक राहिलं. आमच्या इथं भजनी मंडळ आहे. एकादशीला भजन झालं की कुणीतरी आठवण सांगतं, आणि तुझी ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की नव्या आलेल्या बायकाही मागून घेतात. त्यात मी सांगते की पीठ एक करताना तू वर बघून म्हणालीस, "देवा, आता तूच कर वेगळं!" तिथं सगळ्या बायकांचे हात आपोआप जोडले जातात. माझेही. पण तुझ्यापुढं कसं म्हणू ते? तू असं काही म्हणाली नव्हतीस. तू म्हणालीस, "पाणी आन, कोमट." बास. वर बघितलंस का, तेही मला माहीत नाही, धुरात तुझं तोंड दिसत नव्हतं. आणि आई, इतकी वर्षं भाकऱ्या थापल्यावर आता मला कळतं की नुसत्या मिलोची भाकरी थापता आली नसती, आणि नुसती बाजरी दिली असती तर माझ्यासाठी काही उरलं नसतं. तू देवाला कोडं घातलंस, की लेकीपुरतं पीठ वाचवलंस, की भाकरी मोडू नये एवढंच बघितलंस, हे मी तुला विचारलं नाही, आणि तू आपण होऊन सांगणारी नव्हतीस. तुझं ते न बोलणं चार बायकांत कसं सांगायचं, ते मला जमलं नाही, म्हणून ते वाक्य मी केलं.

येत्या एकादशीला पुन्हा मलाच सांगायला बसवणार आहेत. या खेपेला खरं तेवढंच सांगावं, असं ठरवून हे लिहायला बसले होते. लिहून झालं आणि कळलं की मी ते वाक्य म्हणणारच. तुला पत्र पाठवायची काही सोय नाही, याचं आज पहिल्यांदाच बरं वाटतंय.